मैना कुणाशी बोलते

मांजलपूरहून एक वडील मध्यंतरी आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मूल हसरं, चपळ, डोळ्यांत चमक असलेलं, आणि अजून एकही शब्द न बोलणारं. सगळी विचारपूस झाली, मी कागद आवरायला घेतले, तेव्हा ते जरा घुटमळले. म्हणाले, "ताई, एक विचारू? आई म्हणते, बोलणाऱ्या पक्ष्याचं उष्टं फळ दिलं की मूल बोलायला लागतं. शेजाऱ्यांच्या पोपटाचा पेरू देऊन झाला. आता आई म्हणते, पोपटापेक्षा मैना चांगली बोलते. मैना कुठे मिळेल?"

वाचा-उपचाराच्या कामात माझी बडोद्यात इतकी वर्षं गेली की हा प्रश्न मला नवा नाही. मराठी घरांतून येतो, गुजराती घरांतून येतो, शिकलेल्यांकडूनही येतो. त्या आजीचा मला राग येत नाही. नातवाच्या तोंडून एक हाक ऐकायची आहे, त्यासाठी ती काहीही करायला तयार आहे. मी वडिलांना सांगितलं ते एवढंच, की आधी कानांची तपासणी करून घेऊ, ओएई आणि बेरा या चाचण्या. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न ऐकू येतं का हाच असतो. ताट पडलं की मूल दचकतं, म्हणून त्याला ऐकू येतं असं आपण धरून चालतो. पण ताटाचा खणखणाट ऐकू येणं वेगळं आणि 'स' न् 'श'मधला फरक ऐकू येणं वेगळं. पक्ष्याच्या उष्ट्यातून आजार मात्र येऊ शकतो. आणि मैना बाजारात मिळत नाही, मिळूही नये. कुणी देतो म्हणाला तर ती चोरून पकडलेली आहे असं समजा.

त्यांना पटलं. तपासणीची तारीख घेऊन ते गेले. पण मैनेबद्दल मला जे खरं सांगायचं होतं ते घड्याळाकडे बघत सांगता येण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

बोलणारी मैना म्हणजे आपल्या गच्चीवर येणारी साळुंकी नव्हे, हे पहिल्यांदा. साळुंकी तपकिरी, माणसांच्या पायांत वावरणारी. कमाटीबागेच्या हिरवळीवर ती पावलं टाकत ऐटीत चालते, किडे टिपते, उरलेलं भेळेचं पान उलटंसुलटं करते. बोलणारी ती पहाडी मैना. साळुंकीहून अंगानं भरलेली, काळीभोर, उन्हात जांभळट-हिरवी झाक मारणारी. चोच नारिंगी, पाय पिवळे, आणि डोळ्यांखालून मानेमागे गेलेल्या हळदीसारख्या पिवळ्या कातडीच्या पट्ट्या. उडाली की पंखांवरचा पांढरा पट्टा लख्ख दिसतो. लिनियसनं १७५८ साली हिचं नाव ग्रॅकुला रेलिजिओसा असं नोंदवून ठेवलं. ही झाडाच्या शेंड्यावरची रहिवासी. जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही. फांदीवरही साळुंकीसारखी चालत नाही, आडव्या उड्या मारत सरकते.

तिचं मुख्य अन्न फळं. वड, उंबर, पिंपळ या कुळातली फळं तिच्या विशेष आवडीची. फुलांतला मधही घेते, किडेही खाते, पण जंगलात एखादं उंबराचं झाड पिकलं की मैनांचा मुक्काम तिथे. फळ सगळं गिळायचं, गर पचवायचा आणि बी दूर कुठेतरी टाकायचं, म्हणजे जंगल लावायचं कामही तिच्याकडे येतं. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊँपासून पूर्वेला, ईशान्येत, बस्तर आणि ओडिशाच्या जंगलांत, अंदमान-निकोबारला, आणि पुढे सुमात्रा, जावा, बोर्निओपर्यंत ही पसरलेली आहे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची आणि श्रीलंकेतली मैना थोडी वेगळी, आता त्यांना स्वतंत्र जाती मानतात. गुजरातेत पहाडी मैना नाही. बडोद्याच्या वडांवर टेटे पिकले की कोकीळ येतो, तांबट येतो, हरियालांचे थवे येतात, थंडीत भोरड्या आभाळ भरून येतात. ही येत नाही. बडोद्यात तिला मी पाहिलं ते पिंजऱ्यात.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, मी तिसरी-चौथीत असताना, नानांच्या एका रेल्वेतल्या स्नेह्यांनी कलकत्त्याहून मैनेचं पिल्लू आणून दिलं होतं. सत्तरचं दशक. तेव्हा घरोघरी पोपट होते, मैना असणं हे मात्र प्रतिष्ठेचं. नानांनी पिंजरा मधल्या सोप्यात टांगला, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, झोपाळ्यासमोर. आणि तिला शिकवायला बसले. रोज सकाळी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून ते पिंजऱ्यासमोर उभे राहात आणि सावकाश, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करत म्हणत, "जय जय रघुवीर समर्थ." पुन्हा. पुन्हा. मैना मान तिरकी करून ऐकायची. नानांचा उच्चार इतका स्वच्छ होता की मी आजही मुलांसमोर तसा उच्चार करायचा प्रयत्न करते.

मैनेनं ते कधीही म्हटलं नाही.

ती म्हणायची, "झालं का गं?" काकूच्या आवाजात. आमची काकू स्वयंपाकघर सांभाळायची आणि दिवसभरात हे वाक्य पन्नासदा तिच्या तोंडून निघायचं: कणीक मळून झाली का, दळण आणून झालं का, अभ्यास झाला का. मैनेनं ते तिच्या हेलासकट उचललं होतं, शेवटचा 'गं' किंचित वर नेऊन. भरवाड दूध घेऊन आला की जिन्यावरून त्याचा आवाज यायच्या आतच मैना "चालो बेऽन" म्हणायची. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या की तशीच कुरकुरायची. सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, माईंचा खाकरा. आणि काकू पपईच्या फोडी घेऊन पिंजऱ्याजवळ आली की मान खालीवर करत "झालं का गं? झालं का गं?" असा धोशा. नाना थोडे हिरमुसायचे. माई म्हणायच्या, "तिला जे खायला घालतं त्याचं ती ऐकते."

माईंचं हे बोलणं तेव्हा घरात सगळ्यांनी सहज घेतलं. मी पुढे या पेशात आले, वाचा कशी येते याबद्दल वाचू लागले, तेव्हा त्या वाक्यात किती होतं ते माझ्या ध्यानात आलं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, आमच्या क्षेत्रात सगळे तो जाणतात. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मंदारिन चिनी ऐकवायची. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसायची, पुस्तक दाखवायची, खेळायची. काहींना तीच व्यक्ती, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला बारीक फरक कळू लागला. पडद्यासमोरच्या बाळांना काहीही आलं नाही. आवाज तोच, शब्द तेच. समोर माणूस नव्हता. मोबाइल हातात दिलेली मुलं घेऊन आईवडील माझ्याकडे येतात आणि सांगतात, "दिवसभर गाणी ऐकतो, तरी बोलत नाही," तेव्हा मी हा प्रयोग सांगते. आणि मनात नाना आठवतात. त्यांच्या जपात मैनेसाठी देवघेव नव्हती. काकूच्या "झालं का"मध्ये पपई होती, येणं होतं, बघणं होतं, आणि मैनेनं काही म्हटलं की काकूचं हसून उत्तर होतं.

पण मैनेचा याहून खोल भाग मला ब्रायन बर्ट्रम यांच्या कामातून कळला. या माणसानं १९६०च्या दशकात आसामच्या जंगलांत राहून पहाडी मैनांच्या हाका अभ्यासल्या आणि १९७० साली सगळं प्रसिद्ध केलं. प्रश्न साधा होता: पिंजऱ्यात ही मैना माणसाची हुबेहूब नक्कल करते, मग जंगलात ती कुणाची नक्कल करते? आपल्याला वाटतं, करत असेल कोकिळेची, पोपटाची, ज्याचा आवाज कानावर पडेल त्याची. ऑस्ट्रेलियातला लायरबर्ड तसं करतो, भृंगराज कोतवाल तसं करतो. मैना करत नाही. रानातली पहाडी मैना दुसऱ्या कुठल्याही जातीच्या पक्ष्याचा आवाज काढत नाही. आयुष्यभर शेजारच्या फांदीवर दुसरे पक्षी ओरडत असले तरी नाही.

ती शिकते ती फक्त मैनांकडून. आणि त्यातही सरसकट सगळ्यांकडून नाही. प्रत्येक पक्ष्याजवळ साधारण तीन ते तेरा हाका असतात. त्या जन्मजात नसतात. लहानपणी शेजारच्या मैनांकडून शिकलेल्या असतात. मादी शेजारच्या माद्यांच्या हाका उचलते, नर शेजारच्या नरांच्या. म्हणून एकाच ढोलीत संसार करणाऱ्या जोडप्याच्या हाका एकमेकांपेक्षा वेगळ्या, आणि पलीकडच्या झाडावरच्या शेजारणीशी जुळणाऱ्या. थोडं अंतर गेलं की काही हाका गळतात, नव्या येतात. पंधराएक किलोमीटर गेलं की एकही हाक सामाईक उरत नाही. आमचे नागपूरचे पाहुणे आले की बडोद्याच्या मराठीतले 'हो ने' आणि 'चालेल ने' ऐकून एकमेकांकडे बघतात. मैनेला नागपूर गाठावं लागत नाही, पलीकडचं रान पुरतं.

आता ते पिल्लू डोळ्यांसमोर आणा. ढोलीतून काढलेलं, टोपलीतून, आगगाडीतून, बाजारातून दांडिया बाजारात आलेलं. शिकायचं वय. शेजाऱ्यांच्या हाका उचलायला त्याचा मेंदू अगदी तयार. आणि शेजारी एकही मैना नाही. आहेत ती माणसं. मग ते माणसांनाच शेजारी धरतं, जवळ येणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या, उत्तर देणाऱ्या माणसांना, आणि त्यांची हाक शिकतं. "झालं का गं" ही त्याची शेजारणीची हाक होती. त्याच्या जातीनं लाखो वर्षं जे केलं तेच ते करत होतं, फक्त चुकीच्या वस्तीत. आपण त्याला करमणूक समजतो. पाहुणे आले की आमच्या घरीही आग्रह व्हायचा, "बोल गं, बोल." माझ्याकडे येणारी काही मुलंही अशी असतात, ज्यांच्या घरी त्यांच्याशी बोलायला दिवसभर कुणी नसतं. एकट्या पडलेल्या जिवाचं बोलणं कसं असतं हे मला कामामुळे ओळखता येतं, आणि बोलणाऱ्या मैनेचे व्हिडिओ कुणी कौतुकानं पाठवले की ते मला पूर्ण बघवत नाहीत.

हे बोलणं ती काढते कशानं, हेही सांगते, कारण माझा रोजचा विषय तोच आहे. माणसाचा आवाज निघतो गळ्यातल्या स्वरयंत्रातून, आणि मग जीभ, टाळू, दात, ओठ त्याला आकार देतात. 'प' म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात. एखाद्या मुलाला तेवढं एक साधायला माझ्याकडे महिने लागतात. मैनेला ओठ नाहीत, दात नाहीत. तिचा आवाज तयार होतो तो गळ्यात नाही, छातीत, जिथे श्वासनलिका दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते तिथे. त्या अवयवाला सिरिंक्स म्हणतात. दोन फाटे, दोन्हीकडे थरथरणारे पडदे, त्यांना ताणणारे बारीक स्नायू. एवढ्या सामग्रीवर ती आपल्या ओठांचा आणि जिभेचा परिणाम कानाला ऐकवते. आम्ही प्राट नावाच्या सॉफ्टवेअरवर मुलांचे आवाज चित्ररूपात बघतो. स्वर म्हणताना त्यात आडवे गडद पट्टे उमटतात, आणि कोणता पट्टा किती उंचीवर यावरून 'आ' की 'ई' ते कळतं. मैनेच्या बोलण्याच्या चित्रातही हे पट्टे योग्य जागी दिसतात. अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हे तपासून ठेवलं आहे. माझ्या दृष्टीनं हा निसर्गातला एक मोठा चमत्कार आहे, आणि तो मैनेला मैनांशी बोलण्यासाठी मिळालेला आहे.

आमची मैना फार जगली नाही. तिचं पोट फुगत गेलं, धाप लागायला लागली, काकू तिला हातावर घेऊन बसायची, आणि एका पावसाळ्यात ती गेली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोटात पाणी झालं. पक्ष्यांचे डॉक्टर आता सांगतात की पाळीव मैनांमध्ये एक आजार सर्रास दिसतो: यकृतात लोह साठत जाणं. मूळ जंगलातल्या फळांत लोह कमी असतं, म्हणून या पक्ष्यांचं शरीर मिळेल तेवढं लोह शोषून धरायला शिकलेलं. पिंजऱ्यात त्यांना आपलं अन्न मिळतं, डाळी, पीठं, अंडं, आणि ते लोह बाहेर टाकायची सोय त्यांच्याकडे नाही. पोट फुगणं आणि धाप ही त्याची लक्षणं. काकूनं तिला भिजवलेली डाळ आणि दुधातली पोळी अगदी मायेनं भरवली होती. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं. आज माहीत आहे, तर ते सगळ्यांना माहीत असावं.

पिल्लं येत कुठून, यालाही एक बाजू आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांत लोक बांबूच्या कामट्या आणि गवताची कृत्रिम घरटी विणून गावाशेजारच्या उंच झाडांवर टांगत. मैना आपण होऊन त्यांत अंडी घालायच्या, आणि पिल्लं बेताची मोठी झाली की गावकरी ती काढून विकत. यात निदान मोठे पक्षी जिवंत राहात आणि झाडंही, कारण तोडलेल्या रानात मैना थांबत नाही हे त्या लोकांना ठाऊक होतं. इतर ठिकाणी मात्र ढोली फोडून, कधी झाडच पाडून पिल्लं काढली गेली. सुमात्राच्या पश्चिमेला नियास नावाचं बेट आहे. तिथली मैना सगळ्यांत थोराड, बोलण्यात सगळ्यांत वाकबगार अशी ख्याती. त्या ख्यातीनंच तिचा घात केला. पकडून पकडून ती जंगलातून जवळजवळ संपली. बेटावरच्या पक्ष्याला मागून कुमक येत नाही. शेजारच्या डोंगरावरून दुसरे थवे येऊन जागा भरतील, ही सोय बेटावर नसते. १९९७ साली पहाडी मैना वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर आली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याला १९९१ साली दुरुस्ती होऊन देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. बडोद्यात आज मैना विकणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. छत्तीसगडनं तर तिला राज्यपक्षी केलं, आणि कांगेर खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानात आसपासच्या गावांतली तरुण मुलं 'मैना मित्र' म्हणून तिची घरटी राखतात. पिंजऱ्यात पैदास करायचे जगदलपूरचे प्रयत्न नर कोणता आणि मादी कोणती याच कोड्यात अडकले, कारण दोघं दिसायला अगदी सारखी. मला ते वाचून वाटलं, त्यांना त्यांच्या हाका विचारायला हव्या होत्या.

रानातली मैना मला ऐकायची होती, म्हणून मी आणि वहिनी अंदमानला गेलो. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी, आणि जायलाच हवं. आम्हीही पहिल्यांदा तिथेच गेलो, सावरकरांच्या कोठडीसमोर उभ्या राहिलो. त्यानंतर मात्र आमचा मार्ग बाकीच्यांहून वेगळा झाला. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर चिडिया टापू आहे. लोक तिथे सूर्यास्त बघायला जातात. आम्ही पहाट फुटायच्या आत गेलो. अंदमानात उजाडतं फार लवकर. बडोद्यात माणसं कूस बदलतात तेव्हा तिथे लख्ख ऊन असतं.

किनाऱ्यालगत झाडी थेट चढावर जाते. पडौक, गर्जन, खोडं सरळ आभाळात गेलेली, त्यावर वेली. वरून आधी एक खोल, धातूसारखी शिट्टी आली, मग घशातल्या घशात गुरगुरल्यासारखं काहीतरी, मग जवळजवळ माणसाच्या हुंकारासारखा एक आवाज. वहिनी दचकून मागे वळली. तिला वाटलं, मागे कुणी आहे. मला तो पोत ओळखीचा होता. आवाजाची ती भरीव, ओलसर जात मी लहानपणी रोज ऐकली होती. फक्त त्यात काकू नव्हती, भरवाड नव्हता. आवाज सगळा तिचा होता.

मग दिसल्या. एका उंच वडाच्या कुळातल्या झाडावर, शेंड्याशी, दोन. कोवळ्या उन्हात पिवळे पट्टे चमकत होते. एक फळ तोडायची, मान मागे टाकून गिळायची, आणि दोन फळांच्या मध्ये हाक द्यायची. दुसरी उत्तर द्यायची नाही. उत्तर यायचं ते पलीकडच्या उतारावरून, दूर कुठूनतरी, अगदी त्याच हाकेनं. मग हिच्या जोडीदाराची वेगळीच हाक, आणि तिसऱ्या दिशेनं तिचं उत्तर. बर्ट्रमनं आसामात लिहून ठेवलेलं मी डोळ्यांनी बघत होते, कानांनी ऐकत होते. त्याच झाडावर हिरवी कबुतरं होती, लांब शेपटीचे अंदमानी पोपट कलकलाट करत होते, जवळच कोतवाल बोलत होता. मैनांनी त्यांपैकी कुणाचीही दखल घेतली नाही. माझीही नाही. मी खाली उभी राहून हळूच शीळ घालून पाहिली. एकीनं वाकून बघितलं आणि पुन्हा फळाकडे वळली. तिला शेजारी होते. मला काय झालं ते शब्दांत नीट येणार नाही, पण वहिनीनं माझा हात धरून मला एका ओंडक्यावर बसवलं आणि पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी बंदर ओलांडून माउंट हॅरिएटला गेलो. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर मागे जे दृश्य होतं, ते या डोंगरावरूनचं. २०२१पासून त्या उद्यानाचं नाव माउंट मणिपूर आहे, १८९१च्या युद्धानंतर तिथे हद्दपार होऊन आलेल्या मणिपुरी लढवय्यांच्या आठवणीसाठी. तिथेही मैना होत्या, खूप उंचावर. फोनवर जमेल तेवढं ध्वनिमुद्रण केलं आणि घरी आल्यावर दोन्ही ठिकाणचे आवाज प्राटवर शेजारी शेजारी मांडले. चिडिया टापूची ती शिट्टी चित्रात एका ठसठशीत रेघेसारखी दिसते, वरून सुरू होऊन खाली येते आणि शेवटी किंचित वळते. माउंट हॅरिएटच्या मुद्रणात ती रेघ कुठेच नाही. तिथे दुसऱ्याच आकृती आहेत, एक तर दोन टेकड्यांसारखी. दोन ठिकाणांत सरळ रेषेत वीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे आसामचा हिशेब धरला तर हाका जुळूच नयेत.

पण आसाम सलग रान आहे आणि अंदमान बेटांचा पुंजका आहे. चिडिया टापूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की अरुंद सामुद्रधुनीपलीकडे रटलँड बेट समोर दिसतं. मधे पाणी आहे, अंतर थोडं आहे. तिथली मैना टापूवरच्या मैनेची शेजारीण ठरते की नाही? पाण्यावरून तिची हाक अलीकडे पोचते का, आणि पोचली तर अलीकडचं पिल्लू ती उचलतं का? मला हे ऐकायचं आहे. यावेळी फोनवर भागणार नाही, दिशा धरून आवाज टिपणारा मायक्रोफोन घ्यावा लागेल. हिवाळ्याची तिकिटं वहिनी बघते आहे.